एक विमान निवडा, आणि तेच उडवा

ए-३२० विमानात पंखांजवळची जागा मिळाली असेल, तर हा आवाज तुमच्या कानांवर नक्की पडलेला असणार. विमान टॅक्सी करत धावपट्टीकडे निघालेलं असतं आणि पायांखालून अचानक घरघर सुरू होते, थांबते, पुन्हा सुरू होते. कुत्रं भुंकतंय की काय असं वाटावं, इतका तो तुटक आणि खरखरीत असतो. नवखा प्रवासी दचकून शेजाऱ्याकडे बघतो. बिघाड काहीच नसतो. चाकं, ब्रेक, फ्लॅप अशा अवजड गोष्टी हलवण्यासाठी या विमानात दाबाखालचं तेल खेळवणाऱ्या तीन स्वतंत्र यंत्रणा आहेत. त्यांची नावं हिरवी, निळी आणि पिवळी. हिरवीचा पंप डाव्या इंजिनावर, पिवळीचा उजव्यावर, आणि तेलाचा नेहमीचा दाब दर चौरस इंचाला ३,००० पौंड. इंधन वाचवण्यासाठी वैमानिक एकाच इंजिनावर टॅक्सी करतो, तेव्हा बंद इंजिनाच्या बाजूची यंत्रणा दाबाविना राहते. दोन्ही बाजूंमधला फरक ५०० पौंडांच्या पुढे गेला की पॉवर ट्रान्सफर युनिट नावाचं यंत्र आपोआप चालू होतं आणि एका बाजूच्या दाबाच्या जोरावर दुसऱ्या बाजूला दाब भरतं. दाब भरला की थांबतं, जरा उतरला की पुन्हा फिरतं. तो तुटक ठेका येतो तो यातून.

घरच्या संगणकावर उडवायच्या ए-३२० मध्येही हा आवाज ऐकू येतो. साध्या प्रतिकृतीत तो ठरावीक क्षणी वाजणारं ध्वनिमुद्रण असतो, त्यामागे काही घडत नसतं. पण ‘फ्लायबायवायर सिम्युलेशन्स’ या हौशी गटाने केलेल्या ‘ए३२एनएक्स’ या विमानात पंपाचा वेग, तेलाचा दाब, व्हॉल्व्हची स्थिती हे सगळं क्षणोक्षणी मोजलं जातं. दोन यंत्रणांमध्ये फरक पडला म्हणून युनिट फिरतं, आणि ते फिरलं म्हणून आवाज येतो. पिवळ्या यंत्रणेचा विजेवरचा पंप आधीच चालू करून ठेवला, तर कोणती बाजू कोणाला दाब देईल याचा अंदाज बांधता येतो, आणि तो पडताळूनही पाहता येतो. हे विमान पूर्णपणे मोफत आहे.

फुकटचं ते कमअस्सल, हा समज या छंदात टिकत नाही. मात्र मोफत विमानांचा आनंद घ्यायची एक रीत आहे आणि नवशिक्याला ती बहुधा उलटी सुचते. विमानं फुकट आहेत म्हटल्यावर तो जंबोपासून लढाऊ जेटपर्यंत दिसेल ते उतरवून घेतो, प्रत्येक विमान एकदा आकाशात नेतो, एकदा आपटतो आणि पुढच्याकडे वळतो. एक ना धड, भाराभर चिंध्या. मला कळकळीने सांगायचंय ते एवढंच, की या विमानांमध्ये लोकांनी जे ज्ञान ओतलंय ते वरवर उडवणाऱ्याच्या हाती लागत नाही. एक चांगलं विमान निवडावं, त्याची पुस्तिका वाचावी आणि त्यातला प्रत्येक स्विच काय करतो हे समजेपर्यंत त्यालाच चिकटून राहावं.

या परंपरेचं मूळ थोडक्यात सांगतो. ब्रूस आर्टविक यांच्या सबलॉजिक कंपनीने १९७९ च्या सुमारास ॲपल टू संगणकासाठी पहिला ‘फ्लाइट सिम्युलेटर’ आणला. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएम पीसीवर आणला आणि पुढची कित्येक वर्षं नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. २००३ ची ‘अ सेंचुरी ऑफ फ्लाइट’ आणि २००६ ची ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ या त्यांतल्या सर्वांत लोकप्रिय. या दोन्हींची रचना मोकळी होती. विमान म्हणजे एक फोल्डर. त्यात आकाराची फाइल, रंगकामाच्या फाइली, पॅनेल, आवाज आणि विमानाचं वजन, इंधन, इंजिन यांची नोंद असलेली एक साधी मजकुराची फाइल. हे फोल्डर योग्य जागी ठेवलं की विमान यादीत दिसू लागे. त्रिमितीय आकार घडवण्यासाठी जीमॅक्स नावाचं साधनही मोफत मिळत होतं. मग काय, जगभरचे हौशी लोक कामाला लागले. ‘प्रोजेक्ट ओपनस्काय’ने बोइंगची जेट विमानं केली, ‘प्रोजेक्ट एअरबस’ने ए-३२० चं कुटुंब, तर ‘हिस्टॉरिक जेटलाइनर्स ग्रुप’ने जुन्या पिढीतली ७०७, डीसी-८, कॅराव्हेल अशी विमानं जिवापाड जपली. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा सिम्युलेटर करणारा आपला विभागच बंद केला. नवी आवृत्ती येण्याची चिन्हं नव्हती, तरी छंद थांबला नाही. ‘एक्स-प्लेन’ हा दुसरा सिम्युलेटर होताच; आणि २००६ च्या त्या जुन्या आवृत्तीत माणसं पुढची दहा-बारा वर्षं रमली, ती मुख्यतः बाहेरून आलेल्या विमानांच्या आणि विमानतळांच्या बळावर.

१८ ऑगस्ट २०२० रोजी फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या असोबो स्टुडिओने केलेला नवा ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ आला. उपग्रहचित्रांवरून उभं केलेलं जग पाहून लोक थक्क झाले. त्यातलं ए-३२० निओ मात्र दिसायला देखणं आणि आतून बरंचसं पोकळ होतं. अनेक बटणं दाबली जात, पण त्यांच्यामागे काही नव्हतं. थोड्याच काळात काही प्रोग्रॅमर, अभियंते आणि एअरबसची माहिती असलेले लोक एकत्र आले आणि त्यांनी ही बटणं एकेक करून जिवंत करायला घेतली. सगळा कोड गिटहबवर, जीपीएल परवान्याखाली, कोणालाही वाचायला खुला. सुरुवात मूळ विमानातल्या दुरुस्त्यांनी झाली आणि पुढे वीज, तेलदाब, उड्डाण-नियंत्रणाचे नियम, मार्ग आखणारा संगणक असं एकेक अंग नव्याने लिहिलं गेलं. त्याच फ्लायबायवायर गटाने २०२४ मध्ये ए-३८० सारखं अवाढव्य विमानही मोफत दिलं. ‘वर्किंग टायटल’ नावाच्या दुसऱ्या एका हौशी गटाने छोट्या जेटमधल्या उपकरणांवर इतकं नेटकं काम केलं, की २०२१ मध्ये त्यांना अधिकृत सिम्युलेटरच्याच कामात सामील करून घेण्यात आलं.

आता हे ए-३२० थंड अवस्थेतून, म्हणजे सगळं बंद असताना, जागं कसं करायचं ते पाहू. भारतात इंडिगोकडे या निओ जातीचा मोठा ताफा आहे, त्यामुळे आपण ज्यातून प्रवास करतो त्याचीच ही पुढची खोली. कॉकपिटमध्ये अंधार आहे. डोक्यावरच्या पॅनेलवर दोन बॅटऱ्यांचे आकडे दिसतात. २५.५ व्होल्टच्या वर असतील तर पुढे जायचं, नाहीतर आधी चार्जिंग. बॅटऱ्या चालू केल्या की काही पडदे उजळतात. बाहेरची वीज जोडलेली असेल तर तिच्या बटणावर हिरवी अक्षरं दिसतात; ते दाबलं की उरलेलं कॉकपिट उजळतं. मग पॅनेलवरचे तीन गोल स्विच ‘नॅव्ह’वर आणायचे. इथे पहिली खरी वाट पाहावी लागते.

हे तीन स्विच विमानाच्या दिशादर्शक यंत्रणेचे. तिच्यात लेझरवर चालणारे जायरो असतात. विमान स्थिर उभं असताना ते गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतात आणि पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणंही टिपतात. त्या फिरण्यावरून खरी उत्तर दिशा कोणती हे यंत्रणा स्वतःच ठरवते. होकायंत्र लागत नाही, उपग्रह लागत नाही. याला दहा मिनिटांच्या आसपास वेळ जातो आणि तेवढ्या वेळात विमान हलता कामा नये. ध्रुवांकडे जावं तसा पृथ्वीच्या फिरण्याचा आडवा भाग लहान होत जातो, म्हणून उत्तरेकडच्या विमानतळांवर जास्त वेळ थांबावं लागतं. ए३२एनएक्समध्ये ही वाट टाळायची सोय आहे. कॉकपिटमधल्या टॅबलेटवर ‘झटपट’ हा पर्याय निवडता येतो. मी तो कधी निवडत नाही आणि कोणी निवडावा असंही मला वाटत नाही. खरे वैमानिक याच दहा मिनिटांत मार्ग, वजन, इंधन आणि उड्डाणाचे वेग भरतात. आपणही तेच करावं. वेळेची ही मांडणी हाताळल्याशिवाय विमान उडण्याआधीची ती लगबग कळत नाही.

पुढे एपीयू, म्हणजे शेपटातलं छोटं इंजिन. ते चालू झालं की त्याची दाबाखालची हवा मुख्य इंजिनं फिरवण्यासाठी मिळते. सहसा उजवं, म्हणजे दोन नंबरचं इंजिन आधी चालू करतात, कारण पिवळी यंत्रणा त्याच्यावर आहे आणि पार्किंग ब्रेकला दाब पिवळीकडून मिळतो. वैमानिकाने मास्टर स्विच वर केला की बाकी सगळं इंजिनाचा संगणक करतो. हवा सोडणं, ठिणगी पाडणं, इंधन देणं, तापमान वाजवीपेक्षा चढलं तर थांबवणं, सगळं. पडद्यावरचे आकडे चढताना बघत बसायचं. दुसरं इंजिन चालू करताना पॉवर ट्रान्सफर युनिट स्वतःची चाचणी घेतं आणि आपली ओळखीची घरघर येते. हे सगळं झाल्यावर डोक्यावरच्या पॅनेलकडे पाहिलं तर तिथे जवळजवळ एकही दिवा लागलेला नसतो. एअरबसची रीतच अशी, की सगळं ठीक असेल तर दिवा नाही. दिवा दिसला तर तिकडे लक्ष द्या.

याच्या शेजारी एक्स-प्लेनमधलं बोइंग ७३७-८०० ठेवून पाहावं. ‘झिबो’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या हौशी विकसकाने आणि त्याच्या साथीदारांनी एक्स-प्लेनसोबत येणाऱ्या मूळ ७३७ वर वर्षानुवर्षं मेहनत घेऊन ते इतकं सखोल केलं, की विकतच्या विमानांशी त्याची तुलना होते. तेही मोफत. ७३७ चं पहिलं उड्डाण एप्रिल १९६७ मधलं. नंतर इंजिनं, पंख, पडदे बदलले तरी कॉकपिटच्या कामाची पद्धत त्या जुन्या काळाची खूण बाळगून आहे. इंजिन चालू करताना स्टार्ट स्विच ‘ग्राउंड’वर ठेवायचा, आतल्या चक्राचा वेग चढू द्यायचा, तो २५ टक्क्यांच्या आसपास आला की स्वतःच्या हाताने लिव्हर वर करून इंधन सोडायचं. मग तेलाचा दाब चढतोय ना, पुढचा पंखा फिरतोय ना, तापमान किती वाढतंय, यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. इंधन लवकर सोडलं तर काय होतं हे पुस्तकात वाचण्यापेक्षा इथे तापमानाचा आकडा झपाट्याने चढताना पाहिलं की चांगलंच लक्षात राहतं. उड्डाणातही हाच फरक. एअरबसमध्ये साइडस्टिक वळवून सोडून दिली की ३३ अंशांपर्यंतचा कल विमान आपणहून धरून ठेवतं आणि कितीही रेटलं तरी ६७ अंशांपलीकडे कलू देत नाही. ७३७ मध्ये वेग बदलला की नाक वर-खाली ओढ घेतं, आणि ती ओढ मारण्यासाठी ट्रिम द्यावा लागतो. ट्रिम दिला की दोन वैमानिकांच्या मधली मोठी चाकं खडखडत फिरतात. दोन कंपन्यांचे विमानाबद्दलचे विचार वेगळे आहेत हे ऐकून माहीत असतं. ही दोन मोफत विमानं आलटून पालटून उडवली की ते बोटांना कळतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ए३२एनएक्स आणि झिबोचं ७३७ ही विमानं मोफत असली तरी ती ज्यात उडतात ते सिम्युलेटर विकतचे आहेत आणि त्यांना बऱ्यापैकी ताकदीचा संगणक लागतो. ज्याच्याकडे जुना लॅपटॉप आहे, खिशात पैसे बेताचे आहेत आणि शिकायची हौस मात्र दांडगी आहे, त्याने सरळ ‘फ्लाइटगिअर’कडे जावं. हा सिम्युलेटर संपूर्ण मोफत, खुल्या परवान्याचा, आणि विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालणारा. १९९६-९७ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प स्वयंसेवकांनी आजवर चालू ठेवला आहे. त्यातली जमीन नव्या व्यावसायिक सिम्युलेटरइतकी सुंदर दिसत नाही. विमानंही सगळी सारख्या दर्जाची नाहीत. म्हणून प्रत्येकाला उड्डाणगुण, यंत्रणा, कॉकपिट आणि बाह्यरूप या चार अंगांनी शून्य ते पाच असे गुण दिलेले असतात. यादीतून निवडताना देखण्या चित्राला भुलू नये, पहिल्या दोन अंगांचे गुण बघावेत.

पण फ्लाइटगिअरमधली जी गोष्ट मला अतिशय प्रिय आहे ती वेगळीच. तिथे विमानाचं पोट उघडून बघता येतं. त्यातली बरीच विमानं जेएसबीसिम नावाच्या गणिती इंजिनावर उडतात आणि त्यासाठी विमानाचं सगळं वर्णन एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. सेस्ना १७२ ची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीलाच पंखांचं क्षेत्रफळ दिसेल, १७४ चौरस फूट, आणि त्याच्याजवळ पंखांचा पसारा, ३५.८ फूट. खाली तक्ते असतात: पंख हवेला अमुक अंशात भिडला तर उचल किती, फ्लॅप खाली केले तर त्यात भर किती. उचल काढायचं सूत्र शाळेत शिकलेल्या गणिताच्या पलीकडचं नाही. हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचं क्षेत्रफळ आणि तक्त्यातला गुणांक यांचा गुणाकार करून त्याचा अर्धा घ्यायचा. आता मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून क्षेत्रफळाच्या जागी १७४ ऐवजी ८७ लिहा, फाइल जतन करा आणि उड्डाण करा. क्षेत्रफळ निम्मं झालं, तेव्हा तेवढंच वजन पेलायला वेगाचा वर्ग दुप्पट हवा, म्हणजे वेग सुमारे १.४१ पट. जे विमान ४४-४५ नॉटपर्यंत हवेत तग धरत होतं ते आता ६२-६३ नॉटच्या खाली येताच कोसळू लागतं. एरवीच्या वेगाला धावपट्टी सोडत नाही. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाने वर्गात करून दाखवावा असा हा प्रयोग आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

मोफत विमानांमध्ये इतकी खोली येते कुठून? पुष्कळदा ती खुल्या कागदपत्रांतून येते. फ्लाइटगिअरमधलं स्पेस शटल हे याचं सर्वोत्तम उदाहरण. नासाने शटलच्या वायुगतिकीची मोजमापं, यंत्रणांच्या पुस्तिका, अंतराळवीरांच्या कार्यपद्धती हे सगळं जनतेसाठी खुलं ठेवलं. स्वयंसेवकांनी ते वाचून शटल उड्डाणतळापासून कक्षेपर्यंत आणि कक्षेतून परत धावपट्टीपर्यंत उभं केलं. २०११ मध्ये निवृत्त झालेलं हे यान आज घरबसल्या चालवायला मिळतं, हे मला अजूनही नवलाचं वाटतं. त्याला परत आणताना पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला असताना वेग कमी करावा लागतो. मग नाक ४० अंश वर धरून वातावरणात शिरायचं, आणि शेवटी इंजिनाविना, दगडासारखं म्हणावं इतक्या तीव्र उतारानं धावपट्टीकडे यायचं. प्रवासी विमान साधारण ३ अंशांच्या उतारावरून येतं. शटल सुमारे २० अंशांच्या. टेकतानाचा वेग ताशी ३५० किलोमीटरच्या घरात. इंजिन नसल्यामुळे दुसरी संधी नाही. त्याची पुस्तिका वाचायलाच कित्येक संध्याकाळी लागतात.

तिथलं काँकॉर्डही असंच अभ्यासून केलेलं. ध्वनीच्या वेगापलीकडे जाताना पंखांवरच्या उचलीचं केंद्र सुमारे दोन मीटर मागे सरकतं आणि विमान नाक खाली घालू लागतं. पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या वळवून ते सावरायचं तर हवेचा अडथळा वाढतो. काँकॉर्डच्या अभियंत्यांनी तोल साधायला इंधनच वापरलं. कित्येक टन इंधन पुढच्या टाक्यांतून शेपटाच्या टाकीत पंपाने न्यायचं, म्हणजे गुरुत्वमध्यही मागे सरकतो. उतरताना ते पुन्हा पुढे आणायचं. फ्लाइट इंजिनिअर नावाचा तिसरा माणूस त्या कॉकपिटमध्ये कशासाठी बसत होता, ते टाक्यांचं हे पॅनेल स्वतः सांभाळलं की कळतं.

रंगकामाबद्दल बोलायलाच हवं, कारण अनेक जण या छंदात त्या दारातून आत येतात. विमानाचा आकार एकाने केलेला असतो, त्यावर कोणत्या कंपनीचे रंग चढवायचे ते दुसरा ठरवतो. निर्माते बहुधा थरांची एक मोकळी फाइल देतात. गिंपसारख्या मोफत चित्रप्रणालीत ती रंगवून जतन केली की झालं. यातून बंद पडलेल्या कंपन्या आकाशात टिकून राहिल्या आहेत. २०१२ मध्ये थांबलेली किंगफिशर, एप्रिल २०१९ मध्ये थांबलेली जेट एअरवेज, नारिंगी शेपूट मिरवणारी इंडियन एअरलाइन्स, सगळ्यांची विमानं सापडतात. एअर इंडियाला १९७१ मध्ये पहिलं ७४७ मिळालं आणि त्या जंबोच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोका रंगवलेला असे. सिम्युलेटरसाठी तो नीट उतरवायचा तर कमानीची वळणं खिडकीच्या कडेशी अचूक जुळवावी लागतात, नाहीतर विमानाच्या गोलाईवर ती ओढल्यासारखी दिसतात. हे काम कोणी पैशासाठी केलेलं नसतं. ज्याने लहानपणी सांताक्रूझला ते विमान पाहिलं, त्यालाच इतका धीर धरता येतो.

व्यवहाराच्या गोष्टी आता भराभर. विमान नेहमी निर्मात्याच्या स्वतःच्या ठिकाणाहून घ्यावं. विकतचं विमान कोणी ‘फुकट’ देत असेल तर ती चोरी आहे, आणि अशा फाइलीतून संगणकात काय शिरेल याचा नेम नाही. मोफत म्हणजे बेवारस नव्हे. परवाना वाचावा, दुसरीकडे चढवायची किंवा विकायची मुभा नसेल तर ती घेऊ नये. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये विमानाचं फोल्डर ‘कम्युनिटी’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं असतं. झिप उघडताना फोल्डरच्या आत पुन्हा तेच फोल्डर तयार होतं आणि विमान यादीत दिसत नाही; शंभरातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एवढंच. सिम्युलेटरची मोठी सुधारणा येण्याआधी ‘कम्युनिटी’ रिकामं करावं आणि नंतर एकेक विमान परत ठेवत जावं, म्हणजे बिघाड कोणामुळे ते लगेच कळतं. उतरवलेली झिप आणि पुस्तिका स्वतःजवळ जपून ठेवावी. मे २००९ मध्ये ‘ॲव्हसिम’ या त्या काळच्या मोठ्या साठ्यावर हल्ला झाला. त्यांचे दोन सर्व्हर एकमेकांचा बॅकअप म्हणून ठेवलेले होते आणि हल्ल्यात दोन्ही गेले. माउसने विमान उडवू नये. साधी जॉयस्टिक तरी घ्यावीच. नाक किती वर आहे हे मनगटाला कळलं नाही तर वरचं सगळं ज्ञान कोरडं राहतं.

याने वैमानिक होता येतं का, असा प्रश्न मुलं विचारतात आणि त्याहून जास्त त्यांचे पालक. परवान्यासाठी घरच्या संगणकावरचे तास डीजीसीए, म्हणजे भारताची हवाई वाहतूक नियामक संस्था, धरत नाही. तिथे मान्यताप्राप्त यंत्रंच चालतात. वळणात शरीरावर येणारा भार, हवेच्या खड्ड्यात पोटात पडणारा गोळा, रडरला पायाखाली येणारा विरोध हे घरी मिळत नाही. पण उपकरणांवरून नजर फिरवायची शिस्त, तपासणीयादी मोठ्याने वाचायची सवय, रेडिओवर कधी काय बोलायचं याचं भान हे सगळं इथे पक्कं होऊ शकतं. ‘व्हॅटसिम’सारख्या मोफत जाळ्यावर स्वयंसेवक नियंत्रक बसलेले असतात, त्यांच्याशी खऱ्या पद्धतीने बोलत उड्डाण करता येतं. तिथे पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळते, आणि ती आधी घरी अडखळलेली बरी.

सुरुवात कोणत्या विमानाने करावी असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: फ्लाइटगिअरचं सेस्ना १७२पी. जेट विमानांपुढे हे चार माणसांचं, १६० अश्वशक्तीचं साधं विमान किरकोळ वाटेल, पण त्यावर स्वयंसेवकांनी घेतलेली मेहनत थक्क करणारी आहे. उड्डाणाआधी बाहेर फिरून चाकांचे ठोकळे काढावे लागतात, दोर सोडावे लागतात, हवेचा वेग मोजणाऱ्या नळीवरचं झाकण काढावं लागतं. ते विसरलात तर धावपट्टीवर वेगाचा काटा हलत नाही. टाकीतून इंधनाचा नमुना घेऊन त्यात पाणी नाही ना हे बघता येतं. तेल कमी असेल तर भरावं लागतं.

हे विमान घेऊन जुहूहून निघावं आणि किनाऱ्याने दक्षिणेला जावं. अलिबाग, मुरुड-जंजिरा, हरिहरेश्वर, दाभोळची खाडी करत रत्नागिरीपर्यंत साधारण १३० सागरी मैल होतात. ११० नॉटच्या वेगाने सव्वा तासाच्या आतबाहेर. महिना जूनचा किंवा जुलैचा निवडावा, खरं हवामान चालू ठेवावं आणि विमानाच्या मेनूतून कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचण्याचा पर्याय चालू करावा. कोकणात बर्फ ऐकून हसू येईल, पण कारण पक्कं आहे. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जाताना तिचा दाब उतरतो, शिवाय इंधनाची वाफ होताना उष्णता शोषली जाते. दोन्ही मिळून तापमान वीस अंशांहूनही जास्त खाली येऊ शकतं. बाहेर पंचवीस अंशांची दमट हवा असली तरी आतल्या झडपेवर तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ धरतो, आणि उतरताना थ्रॉटल कमी असतो तेव्हा सर्वांत लवकर. पहिली खूण म्हणजे कोणी हात न लावता इंजिनाचे फेरे कमी होत जातात. अशा वेळी ‘कार्ब हीट’ची मूठ ओढायची. गरम हवा विरळ, म्हणून फेरे आणखी उतरतात. वितळलेलं पाणी इंजिनात जातं आणि ते क्षणभर खोकतं. नवशिका इथे घाबरून मूठ परत आत ढकलतो. ढकलायची नाही. थोडा वेळ धरून ठेवली की फेरे वर येऊ लागतात. आणि पुढच्या वेळी रत्नागिरीच्या अलीकडे उतरायला सुरुवात करताना थ्रॉटल मागे घेण्याआधीच ती ओढलेली असावी, तपासणीयादीत तिची जागा तिथेच आहे.